पन्हळ साफ करण्याचे दिवस

तीर्थरूप वन्सं,

तुमच्या दोन्ही पायांना नमस्कार. डाव्या गुडघ्याला जरा हळूच. तेल चोळता आहात ना? की बाटली कपाटात आणि गुडघा पांघरुणात, असंच चाललंय? माझं बरं आहे. भूक लागते, झोप लागते, आणि दोन्ही उरकलं की घर मोठं वाटतं. त्याला इलाज नाही, म्हणून तो विषय सोडते.

तुमचं पत्र पोचलं. छपराची पन्हळ कोसळली हे तुम्हाला कोणी कळवलं ते मी विचारत नाही (तुमच्या भाचीचंच काम. माझी लेक असली तरी सांगते, तिच्या पोटात काही म्हणता काही राहत नाही, तान्ही असताना दूधसुद्धा राहत नसे). पण ‘भाऊ होता तोवर पन्हळ होती, भाऊ गेला आणि वर्षाच्या आत पन्हळ गेली’ असं जे तुम्ही लिहिलंत, ते मला लागलं. वर मला वेळापत्रकही दिलंत. पानगळ संपली की एकदा, पाऊस लागायच्या आधी एकदा, पावसात उघडीप मिळाली की एकदा, मोठा वारा होऊन गेला की लगेच, आणि एरवी दर महिन्याला. वन्सं, हे मला पाठ आहे. तुम्ही ते ज्याच्या तोंडून ऐकलंत त्याच्याच तोंडून मीही ऐकलंय, आणि दर खेपेला चढता-उतरताना शिडी मीच धरली आहे. माझ्या हयगयीने पन्हळ पडली असं तुम्हाला वाटतंय, म्हणून काय झालं ते पहिल्यापासून सांगते. बसून वाचा. मी उभ्याने पाहिलं, त्याचा परिणाम अजून भोगते आहे.

दुपारी लसूण सोलत होते. मागच्या बाजूला असा आवाज झाला की मला वाटलं, मोठं कपाट आडवं झालं. जाऊन बघते तर पन्हळ एका आकड्यावर लोंबकळत खिडकीतून आत डोकावत होती, उधारी मागायला आलेल्या माणसासारखी. तिच्यात काळा चिखल, आणि चिखलात एक झाड. रोप म्हणत नाही, झाडच म्हणते, कारण माझ्या कमरेला लागत होतं. एवढं झाड एका वर्षात वाढत नाही, हे तुम्ही कुंड्या लावणाऱ्या बाई आहात, तुम्हाला मी काय सांगायचं. मी मात्र त्या वेळी एवढंच म्हटलं की शेजारच्यांच्या झाडाचं बी भलतंच जोमदार दिसतंय.

पत्रेवाल्याला बोलावलं. हा माणूस बोलतो कमी आणि श्वास जास्त सोडतो. त्याने पन्हळीत हात घातला, वास घेतला, आणि ही शेवटची साफ कधी केली होती म्हणून विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं, आमचे हे होते तोवर दर महिन्याला. त्याने माझ्याकडे डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात तसं बघितलं.

“बाई, हिच्यात आजवर कोणी हात घातलेला नाही.”

मी त्याला तोंड सांभाळून बोल म्हणून सांगितलं. त्यावर त्याने एक श्वास सोडला आणि पाइपाच्या तोंडाशी तुंबलेला गाळ माझ्यासमोर बादलीत उपसला. वन्सं, त्यात पानं थोडी होती. बाकी सगळे गोळ्यांचे चकचकीत कागद. लाल, हिरवे, पिवळे, मुठीच्या मुठी. साखरेचं दुखणं असलेला माणूस! मी ज्यांना बिनसाखरेचा चहा देत होते, ज्यांचे खिसे रोज धुवायच्या निमित्ताने उलटे करत होते, ते वर बसून गोळ्या चघळत होते, आणि पन्हळ तुंबायला पानं कमी पडत होती ती भर स्वतः घालत होते.

मग मी वर चढले. (ओरडू नका, शिडी पत्रेवाल्याने धरली होती.) स्वयंपाकघरावरचा जो सपाट तुकडा आहे, तिथे भिंतीला लागून विटा, विटांवर फळी, फळीवर उशी. निळी, झालरीची. ती उशी तुम्ही जाताना पिशवीत घातलीत असं मी इतकी वर्षं मनात धरून होते, तर ते आज मनातून काढते. कापडाला बसून बसून खळगा पडला होता. तो खळगा मी ओळखला. ज्याच्याबरोबर जन्म काढला त्याची बैठक आपल्याला ओळखू येते.

तेव्हा मला जो धक्का बसला तो पन्हळ पडल्याचा नव्हता. मला वाटलं, हा माणूस माझ्यापासून पळून इथे येऊन बसत होता. संसारभर. आणि मी खाली शिडी धरून, सांभाळून हो, सांभाळून हो, म्हणत होते. घरात येऊन मी खुंटीवरच्या त्यांच्या कोटाशी दोन दिवस बोलले नाही. एरवी बोलते. हे तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुमच्या भाचीला सांगू नका.

आता इथे मला माझ्या वाचनाकडे वळावं लागेल, कंटाळू नका. तुम्हाला माहीतच आहे, मी शाळेत गेले नाही. दुकानांच्या पाट्या आणि पुड्यांचे कागद यांवर अक्षरं जुळवत वाचायला शिकले. मोठ्याने म्हटल्याशिवाय मला वाचता येत नाही, ओळीखाली बोट लागतं, आणि जोडाक्षर आलं की बैल चढावर थांबावा तशी थांबते. हे वखारीत कारकून, लिहिणारं-वाचणारं माणूस. त्यांच्यासमोर कशी वाचणार? म्हणून ते वर गेले की मी स्वयंपाकघराचं दार लावायचे आणि पुस्तक काढायचे. पुस्तकं तेच वाचनालयातून आणत. मी वाचलंय, छान आहे, एवढंच म्हणून हातात देत. लग्नानंतर पहिली काही वर्षं पन्हळ वर्षातून दोनदा साफ व्हायची. मी गोष्टींवरून जाड कादंबऱ्यांवर आले तशी ती दर महिन्याला तुंबायला लागली. मी शेजारच्या झाडाला दोष दिला. रात्री जेवताना ते पुस्तकाचा विषय काढत. तो दीपस्तंभवाला मोठा हट्टी, नाही का, असं. मी विचारायचे, पुढे काय होतं? तर म्हणत, वाचणाऱ्याची मजा घालवू नये. मला केवढा अभिमान होता, की सगळं ठाऊक असून हा माणूस एक शब्द पुढचा बोलत नाही.

त्या दीपस्तंभवाल्याच्या पुस्तकात एक लंगडं पोर होतं. एका प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत मला दिसलं की ते आता दगावणार. मी पुस्तक मिटलं, ते प्रकरण सोडून दिलं, आणि पुढच्यापासून वाचायला लागले. त्या रात्री ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. ते पोर कुठे गेलं गं, म्हणाले. मला वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. प्रकरण गाळलं हे कबूल कोण करणार? मी सांगून टाकलं, मामाकडे गेलं. ते ताटातला भात बोटांनी गोळा करत राहिले. मग म्हणाले, बरं झालं, मामाकडे खेळायला मोकळी जागा असेल. आणि आणखी भात मागितला.

हे मला परवा आठवलं, वन्सं. ज्याने पुस्तक वाचलंय तो माणूस असं विचारत नाही.

मी पुन्हा वर गेले आणि त्या उशीवर बसले. कानाशेजारी धूर जायची जाळी आहे, ती सरळ माझ्या शेगडीवर उतरते. दूध ठेवून आले होते. ते उतू गेल्याचं मला वरून नीट ऐकू आलं. भांडं करपलं, पण मी उठले नाही.

आता तुमच्या आरोपाबद्दल. पन्हळ माझ्यामुळे तुंबली हे मी मान्य करते, पण तुम्ही म्हणता त्या कारणाने नव्हे. भिंतीला ओल आली आहे, ती उन्हाळ्यात वाळेल. प्रकृतीला जपा, आणि तेलाची बाटली कपाटाबाहेर काढा.

तुमची,
वहिनी

ता. क. — खरं कशासाठी लिहिलं ते राहिलंच. दूध ऐकू येतं, पण माणसाचा आवाज जातो का? हे एकटीने कळायचं नाही. मी खाली वाचत असले तर वर मी नसते. लेकीला सांगितलं तर गावभर होईल, आणि पत्रेवाल्यासमोर माझं बोट ओळीखालून हलायचं नाही. ह्यांच्यासारखे कान असलेलं माणूस आपल्या घराण्यात तुम्हीच. तेव्हा याल का? गुडघ्याचं मी बघते, शिडीला कठडा बसवून घेते. तुम्ही फक्त उशीवर बसायचं आणि खरं सांगायचं. ऐकू आलं नाही तर तसंही सांगा.

दुसरं ता. क. — पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून पुढचं लिहिते. गुडघ्याला त्रास देऊ नका. या मात्र, पण खालीच बसा. काल पत्रेवाला नवी पन्हळ बसवत होता. वर ठोकाठोक चालली होती, तिच्यात आपलं कोणाला ऐकू येतंय, अशा समजुतीने मी दार लावून वाचनालयातून पुन्हा मागवलेला दीपस्तंभवाला पहिल्यापासून काढला. ठोकणं केव्हा थांबलं ते मला कळलं नाही. त्या प्रकरणाशी आले तेव्हा ते मी याही वेळी सोडलं. संध्याकाळी तो खाली उतरला, हत्यारं पिशवीत भरली, एक श्वास सोडला, आणि म्हणाला की या घराची पन्हळ दर महिन्याला बघावी लागेल, तो स्वतः येईल. मग दारापर्यंत जाऊन परत आला. बाई, ते लंगडं पोर कुठे गेलं?

मी म्हटलं, मामाकडे.