हिरडी आणि माझा ठामपणा

मंगळवार, ३ मार्च. सकाळी ७.
ब्रश करताना पुन्हा रक्त. बेसिन गुलाबी. सुरू होऊन आज अकरावा दिवस. बायको म्हणाली, दाताच्या डॉक्टरकडे जा. मी म्हणालो, बघतो. ती म्हणाली, दात साफ करायचं वर्षभर बघतच आहात.

संध्याकाळी.
आज आयुष्याला कलाटणी मिळाली. एक पँट कंबरेत सैल करायला आली होती. उसवण्याआधी खिसे तपासायचे हा माझा नियम. मागच्या खिशात हिरव्या कव्हरची छोटी पुस्तिका निघाली. शरीराचा कुठला भाग बिघडला की मनात काय खुपत असतं, याची सगळी यादी. पान २३, हिरड्या. ‘घेतलेल्या निर्णयावर जो ठाम नसतो, त्याच्या हिरड्या रक्त गाळतात. तोंडाने हो म्हणणारा आणि आतून नाही म्हणणारा माणूस आपला नकार असा थुंकत असतो.’
अंगावर काटा आला. हा तर मीच.
गिऱ्हाईक आलं, पँट दिली. पुस्तिका ठेवून घेतली. तो माझा पहिला ठाम निर्णय. दुसरा निर्णय, डॉक्टरकडे जायचं नाही. मूळ मनात असताना तोंड उघडून काय दाखवायचं?

बुधवार, ४ मार्च.
आत्मपरीक्षण केलं. दुकानात कापड बेततानाच केलं, कारण तीस वर्षं कटिंग मास्तर आहे, हात आपोआप चालतो.
खोटे ‘हो’ पुष्कळ निघाले. दुकानाच्या मालकांना जादा कामासाठी हो. मेव्हण्याला स्कूटर द्यायला हो. पण सगळ्यात मोठा हो मुलीला. पॅटर्न मेकिंगचा कोर्स पहिल्या नंबराने पास झाली. दुसऱ्या शहरातल्या एका नाटक कंपनीच्या कपडेपटात तिची वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी निवड झाली आहे. १९ तारखेपर्यंत कळवायचं आहे. मी जा म्हणालो तेव्हा ती इतकी हसली की मलाच बरं वाटलं. पण आतून मला नको होतं. घर कसं लागेल तिच्याशिवाय? आणि माझ्यानंतर माझी कात्री कोण धरणार?
आता तारखा पाहा. हो म्हणालो २० फेब्रुवारीला. रक्त सुरू झालं २१ला. (त्याच दिवशी दुकानात ओव्हरकोटांची मोठी ऑर्डर आली, म्हणून पक्कं आठवतं. तेव्हापासून दिवसभर तोंडात टाचण्या. कुणाशी धड बोलताही येत नाही.)
याहून वेगळा पुरावा काय हवा?

शनिवार, ७ मार्च.
मुलीला ‘नाही’ म्हणून सांगितलं. जेवताना, शांतपणे, एकदाच. तिने विचारलं, का बाबा? मी म्हणालो, निर्णय आहे. हिरडीचं काही बोललो नाही. अशा गोष्टी पचायला वय लागतं.
ती ताट घेऊन आत गेली. बायको म्हणाली, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? मी ठाम राहिलो. छाती धडधडत होती, पण ठाम.

रविवार, ८ मार्च.
रक्त नाही! थेंबसुद्धा नाही! दुकान बंद, त्यामुळे आरशासमोर निवांत उभा राहून तीनदा पाहिलं.
पुस्तिका लिहिणाऱ्या माणसाचे पाय धरावेसे वाटतात. मुलगी दिवसभर खोलीबाहेर आली नाही. होईल सवय.

सोमवार, ९ मार्च.
सकाळी ब्रश केला तेव्हा काही नव्हतं. दुपारी पुन्हा रक्त. एका कोटाच्या क्रीम अस्तरावर थेंब पडला. मालक बोलायचे ते बोलले.
कारण उघड आहे. सकाळी मुलीचे सुजलेले डोळे पाहून मी क्षणभर डळमळलो होतो. शरीर काही विसरत नाही.
दुकानातले काजं-बटणं करणारे काका म्हणाले, मास्तर, टाचण्या तोंडात धरायच्या सोडा, मनगटाला टाचण्यांची उशी बांधा. आणि धागा दातांनी तोडता, शेजारी कात्री काय शोभेला आहे? मी हसलो. माणूस चांगला आहे, पण वरवरचं पाहतो. तीस वर्षं ज्याला काही झालं नाही, त्याला आत्ताच कसं होईल?

गुरुवार, १२ मार्च.
ठामपणाचा सराव वाढवला. ओव्हरकोटाच्या ट्रायलला एक साहेब म्हणाले, बाही अर्धा इंच कमी करा. मी म्हणालो, होणार नाही, बाही ठरली आहे. ते कोट तिथेच टाकून निघून गेले. मालकांनी मला आत बोलावलं. ते काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.
पुढची हिरडी सुजली. पान २४, सूज म्हणजे ‘आपला ठामपणा जगाने न स्वीकारणं’. तंतोतंत.
बायकोने जेवण मऊ करून दिलं आणि पुन्हा डॉक्टरचं काढलं. मी समजावलं. न जाण्याचा निर्णय मी ३ तारखेला घेतला आहे. आता गेलो तर निर्णय फिरवल्यासारखं होईल, फिरवला की रक्त वाढेल, आणि रक्त वाढलं की पुन्हा डॉक्टर. म्हणजे डॉक्टरकडे जाण्यानेच डॉक्टरकडे जावं लागेल. तिने माझ्या ताटात आणखी मऊ भात वाढला. मग म्हणाली, तुम्ही काय बोलता ते तुम्हाला ऐकू येतं का?

रविवार, १५ मार्च.
आज रक्त नाही. ठणका आहे, पण कमी.
मुलगी माझ्या शर्टाला इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, बाबा, एकदाच विचारते. खरंच नको आहे का तुम्हाला? नको असेल तर मी नाही जाणार. पण मनापासून सांगा.
जा, हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण सूज उतरायला लागलेली. आज शब्द फिरवला तर उद्या पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणालो, एकदा घेतलेला निर्णय फिरवायचा नसतो.
ती बरं म्हणाली. एवढंच. इस्त्री मात्र सुंदर केली.
ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

बुधवार, १८ मार्च.
अंगात ताप. समोरचे दोन दात जिभेने हलतात. पान २३, २४ आणि २५ पुन्हा वाचली. हलणाऱ्या दातांबद्दल लिहिलं आहे, ‘पानाच्या शेवटी पाहा’. पानाचा शेवट फाटलेला आहे.
मालकांनी दुपारीच घरी पाठवलं. भीती वाटते.

गुरुवार, १९ मार्च. दुपारी ४.
बायकोने दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे मुलीपेक्षा थोडी मोठी मुलगी. तोंडात पाहिलं आणि म्हणाली, काका, टेलर का? मी चाट पडलो. तिने आरसा दाखवला. पुढच्या दातांना धाग्याच्या खाचा. हिरडीवर टाचण्या टोचल्याच्या खुणा, ओळीने. त्यांतून पू. शिवाय वर्षानुवर्षांचा थर. दोन दात काढावे लागले.
काढण्याआधी मी विचारलं, मन ठाम नसल्याने असं होतं का? ती म्हणाली, दर सहा महिन्यांनी साफ करायला यायचं, एवढं मात्र ठामपणे ठरवा.
परतताना डोकं सुन्न. म्हणजे रक्त टाचण्यांचं होतं. म्हणजे त्या दिवशी मुलीला म्हटलेलं ‘जा’ खोटं नव्हतं. घर रिकामं होणार म्हणून वाईट वाटत होतं, बस. वाईट वाटत असतानाही माणूस खरं बोलू शकतो. हे कुठल्याच पानावर नव्हतं.
आज १९ तारीख. अजून वेळ होती. बायकोला मागे टाकून जवळजवळ पळतच जिना चढलो.
मुलगी टेबलाशी बसून जुना फ्रॉक उसवत होती. तोंडात कापूस, त्यामुळे माझं ‘जा’ तिला कळेना. तिसऱ्यांदा कळलं. तिने हातातली कात्री खाली ठेवली. म्हणाली, बाबा, मी सोमवारीच त्यांना ‘नाही’ म्हणून कळवलं. तुम्ही निर्णय फिरणार नाही म्हणालात, मग त्यांना कशाला अडकवून ठेवायचं? त्यांनी त्याच दिवशी दुसऱ्या मुलीला घेतलं.
मी म्हणालो, परत फोन कर. ती म्हणाली, केला होता. काल, तुम्हाला ताप आला तेव्हा. वाटलं, तुम्ही बदलाल. जागा नाही म्हणाले.
मला रडू आलं. तिला वाटलं दुखतंय. कापूस बदलू का, म्हणाली.

रविवार, २२ मार्च.
रक्त नाही. सूज नाही. मुलगी उद्यापासून माझ्याबरोबर दुकानात यायचं म्हणते.
मी बरं म्हणालो.