पिवळ्या रंगाखालचा फोटो

मंगळवार, संध्याकाळ. अहमदपूर.

फ्लेक्सचं दुकान चालवणाऱ्या सरोजाताई माझ्याकडे डिझाइन शिकतात. शिकवायला घेतलेल्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधल्या ढीगभर खिडक्या बघून बाया घाबरायच्या, म्हणून मी बऱ्याच लपवून टाकल्या. चित्राचे एकावर एक ठेवलेले थर दाखवणारीसुद्धा. तीच का लपवली मी?

आज त्यांनी बारशाचा फ्लेक्स केला. मलाही पाठवलेली फाइल मी उशिरा उघडली. माप तयार मिळतं म्हणून इथं सगळेच जुनी फाइल घेतात. त्यांनी श्रद्धांजलीची घेतली. मयताचा फोटो फाइलीतून काढून टाकलाच नाही, वरून पिवळा रंग ओढला. फाइल दुपारीच लातूरला छापायला गेली. तिथं कुणाच्या हातानं तो पिवळा थर हलला तर? बाळाच्या नावाखाली हार घातलेला फोटो!

विचारलं, तर फोनवर हसल्या. "मॅडम, झाकलंय की. दिसून राहिलं का कुठं?"

छापणारा फोन उचलत नाही. थरांची ती एक खिडकी ठेवली असती, तर झाकलेलं गेलेलं नसतं हे त्यांना दिसलं असतं...

आत्ता त्यांचा मेसेज आला. "एसटीनं फ्लेक्स आला. बाळाच्या आत्याच्या हातानं उघडणार हाय. मॅडम, तुम्ही लई सोपं करून दिलं."

लगेच लिहिलं, आधी एकटीनं उघडून बघा.

अजून एकच टिक आहे.