उपरण्याखालचा फ्लॅट

लातूर, चैत्र मास, सन २०१६

श्रीयुत मेव्हणे साहेबराव, मुक्काम अर्धापूर, यांस केरबा ग्यानोबा बिरादार यांचा उभ्याने लिहिलेला नमस्कार पावावा. (उभ्याने, कारण घरातील एकुलत्या एका खुर्चीवर पिण्याच्या पाण्याचा हंडा बसलेला आहे, आणि दुष्काळात मान त्याचा.) आपला गुडघा, आपली म्हैस व आपली केळीची बाग या तिघांची प्रकृती कळवावी. आपल्या घरी शिमग्यापासून पाहुणे म्हणून जे कोणी राहत आहे, त्यांचीही प्रकृती बरी असावी. मी नाव घेऊन विचारलेले नाही, हे ध्यानात असावे.

दाजींनी लातुरात फ्लॅट घेऊन आमच्या बहिणीस फसविले, असे आपण चारचौघांत सांगता, हे कानावर आले. सबब खरी हकीकत कळविणे भाग आहे. गावाकडील विहीर आटली, बैलजोडी विकावी लागली, तेव्हा म्हातारपण शहरात काढावे असे ठरले. इथवर आमच्या सौ. पारूबाई यांचे व माझे एकमत होते. त्यांचे म्हणणे उदगीर पाहावे, कारण उदगीर जिल्हा होणार. लातूर जिल्हा होऊन बसलेले आहे. मी तयार वस्तू घेणारा माणूस.

मी इयत्ता चौथी उत्तीर्ण असून हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात मला आजवर कोणी फसविलेले नाही. बैल घेताना त्यास चालवावे, पाणी पाजावे आणि त्याच्यासमोर निमूट बसून स्वभाव पाहावा. त्याच रीतीने मी फ्लॅट पाहिला. भिंतींवर थाप मारली. नळ सोडला, पाणी आले. मग सतरंजी अंथरून दुपारभर बसलो. चकार शब्द कानी पडला नाही. इतक्या गरीब स्वभावाचा फ्लॅट मी आयुष्यात पाहिला नव्हता. (ती दिवाळीची सुट्टी होती, आणि ही सारी वस्ती शिकवणीच्या विद्यार्थ्यांची आहे. बैलाचे वय दातांवरून कळते, वस्तीचे भिंतीवरून कळत नाही.)

सौदाही शिरस्त्याने केला. विकणाऱ्याच्या वतीने पंचाक्षरी नावाचे तरुण गृहस्थ आले होते. मी उपरणे टाकले, त्याखाली त्यांचा हात धरला आणि बोटे दाबून माझा भाव सांगितला. त्यांनी बैलबाजार पाहिलेला नव्हता. म्हाताऱ्यास घेरी आली असे समजून त्यांनी कळवळून माझा हात दाबला. मी तो होकार समजलो व पेढे आणविले. (भाव त्यांच्या कागदावर आधीच छापलेला होता व तोच राहिला, हे मागाहून कळले.) आमच्या सौ. शेजारीच बसल्या होत्या. पेढा हातावर पडताच त्या म्हणाल्या, "कुणाला लेकरू झालं?" घर झाल्याचे पंचाक्षरी यांनी त्यांस सांगितले. तेव्हा त्या मजकडे वळल्या. "चाळीस साल बाजूला बसले, अन् मला न पुसता घर घेतलाव? ते बी फडक्याखाली?"

त्यांचे बोलणे मी मनावर घेतले नाही. बाजारात उपरण्याखालचा भाव शेजाऱ्यास कळू न देणे हाच धर्म होय. परंतु त्या बाजूस बसलेल्या शेजारी नसून कुटुंब होत्या, असा बारकावा त्यांनी काढला, आणि अद्याप तो सोडलेला नाही.

सुट्टी सरताच विद्यार्थी परतले. साहेबराव, काय सांगावे! खालच्या मजल्यावर मेस, वरच्या मजल्यावर मुली, समोर मुले, आणि पहाटेपासून गच्चीवर मोठ्याने पाठांतर. बेडकाच्या हृदयास तीन कप्पे असतात, हे माझ्या इच्छेविरुद्ध मला पाठ झाले. (आमच्या फ्लॅटास दोनच आहेत.) पुढे नळ कोरडा पडला. "पाणी बी फडक्याखालीच बघितलं असंल," एवढे बोलून आमच्या सौ.नी अर्धापूरची गाडी धरली.

तेव्हापासून टँकर आला की रांग मी लावतो. माझ्या काठीस ही पोरे मानतात. उमरीची शिवकन्या नावाची मुलगी वर राहते, ती रोज माझी घागर वर आणून देते व भाकरी जळाली की नाक धरते. परवा ही शिवकन्या जिन्यात एका मुलाच्या हातात हात घालून बसलेली दिसली. मी खाकरलो. लाजलज्जा काही उरली आहे काय, असे शुद्ध भाषेत विचारले. ती उठलीसुद्धा नाही. "आजोबा, आम्ही उघड धरलाय. तुमच्यावाणी फडक्याखाली न्हाई." (पंचाक्षरी यांनी हकीकत इमारतभर केलेली आहे.) जिना हसला. मी उत्तर देणार होतो, पण टँकर आला.

एकंदरीत फ्लॅट उत्तम असून मला येथे काहीही उणे नाही. लहानांस आशीर्वाद, म्हशीच्या पाठीवर थाप.

आपला,
केरबा ग्यानोबा बिरादार

ताजा कलम: हे पत्र आपल्या भगिनीस वाचून दाखवू नये. त्या दाराआड उभ्या असतील, तर मात्र आपण मनात वाचू नये.

दुसरा ताजा कलम: आता रेल्वेने पाणी येऊ लागले आहे. घरातील सर्व भांडी भरून ठेवली आहेत. ती कोणत्या क्रमाने रिकामी करावीत, हे ठरविण्यास घरात जबाबदार व्यक्ती नाही.

तिसरा ताजा कलम: काही उणे नाही असे वर लिहिले, ते फ्लॅटाविषयी होते. त्यांना गाडीत बसवून द्यावे. मी लातूरच्या स्टँडवर सकाळपासून उभा राहीन. जिना उंच आहे व त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून वर चढताना त्यांचा हात धरावा लागेल. पोरे पायऱ्यांवर बसलेली असतील, ती खुशाल पाहोत. उपरणे घरीच ठेवून येत आहे.