गावची भांडी

बाबा, आज मंगळवार. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी नाल्याकाठच्या गावविहिरीतून प्लास्टिकचे गिलास काढत होतो. परवा नाल्यापलीकडे लग्न झालं. पंगत उठली की पत्रावळी आणि गिलास नाल्यात लोटून देतात, आणि वाऱ्याने हलकं असेल तेवढं उडून विहिरीत येतं. लांब बांबूला मी मच्छरदाणीचा तुकडा बांधून घेतला आहे. एकेचाळीस निघाले. तळाला बसलेले निघत नाहीत. ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम आता माझ्याकडे आहे. मोटरच्या जाळीत गिलास अडकला की पाणी चढत नाही आणि बाया मलाच विचारतात, "काहून रे, नळ काहून नाही आले?" गिलास कुणाचे, ते कुणी विचारत नाही.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मारुतीच्या देवळामागची खोली तशीच होती. तिची किल्ली तुमच्या करदोट्याला असायची. दोनशे ताटं, चारशे वाट्या, तेवढेच गिलास, पितळेचे चार मोठे गंज. ताटाच्या काठावर छिन्नीने गावाचं नाव ठोकलेलं. कुणाच्याही घरचं कार्य असो, भांडी मोजून न्यायची आणि ज्या घरचं जेवण त्या घरच्यांनी राखेने घासून, मोजून परत आणायची. कमी पडलं तर त्यांनीच भरून द्यायचं. उष्टं गुरांना जायचं, पत्रावळी असल्याच तर पळसाच्या, त्या उकिरड्यावर कुजून जायच्या. पंगतीनंतर गावात मागे काही उरत नसे. तेव्हा याला कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं. तुम्हीही नाही.

मी नऊ-दहा वर्षांचा असतानाची गोष्ट. परत आलेल्या वाट्या मी मोजतो आहे आणि एक कमी भरते आहे. मी म्हणालो, एकच तर आहे. तुम्ही ओरडला नाहीत. मला त्या घरच्या उकिरड्यावर नेलंत आणि दुपारभर हाताने उष्टं उपसायला लावलंत. स्वतः बाजूला उकिडवे बसून राहिलात. वाटी सापडली. येताना एवढंच म्हणालात, "आज वाटी जाऊ देते तो माणूस उद्या विहीर जाऊ देते." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. पोटात फक्त मोजणीची भीती बसली. ती अजून आहे. मोटर बंद केली का, हे पाहायला मी अर्ध्या वाटेतून परत जातो.

शुक्रवारी ग्रामसभा झाली. विहिरीचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, म्हणून आरओचं मशीन बसवायचं आहे आणि त्यासाठी देवळामागची खोली पाहिजे. सरपंच म्हणाले, "भांडे भंगारात देऊन टाकू. पडूनच हायेत. कोण वापरते आता?" मी आठ दिवस ठरवत होतो, काय बोलायचं ते कागदावर लिहूनही नेलं होतं. उभा राहिलो. म्हणालो, भांडी वापरली तर नाला तुंबणार नाही, विहीर वाचेल, मशीन लागणारच नाही. आणि म्हणालो, "धुवाचाच प्रश्न असन त मी धुऊन देतो."

मागून एकजण बोलला, "वाढाले बी तूच ये मंग. आहेर तुलेच देऊ, नवरदेव राहू दे बाजूले." सगळे हसले. मीही थोडा हसलो. सरपंच वाईट माणूस नाही, त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, "पोट्टा चुकीचं नाही बोलून राह्यला. पन आता बायाइले धुवा म्हनसान त कोनती धुईन?" आणखी दोघं-तिघं मान डोलावत होती. मला वाटलं, काम होतं आहे. तेवढ्यात खालच्या घरचा म्हातारा, तुमच्या बरोबरीचा, खांबाला टेकून म्हणाला, "बोलाले काय लागते? गावात पहिल्या थर्माकोलच्या पत्रावळी याच्याच बापाच्या तेरवीले आल्या. मी जेवलो ना तिच्यावर. ज्यानं जलमभर भांडे सांभाळले त्याच्याच तेरवीले."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "पत्रावळी माह्या काकानं आणल्या होत्या."

काका भिंतीशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "हो. म्याच आनल्या. अक्कल नव्हती तवा." मी कागद खिशात घातला. सरपंचांनी दोनदा विचारलं, "आनखी काही म्हनाचं हाय का?" मी नाही म्हणून मान हलवली. ठराव झाला. शनिवारी भंगारवाल्याची गाडी आली. ताटं मोजली नाहीत, वजन केलं.

सभेहून परतताना काका आणि मी एकाच वाटेने आलो. दारापाशी त्यांनी एवढंच विचारलं, "उद्या पानी कवा सोडतं?" मी म्हणालो, सात वाजता.

बाबा, तुमच्या तेरवीच्या आदल्या दिवशी काका मला म्हणाले होते, "भांडे काढ. मी न तुही माय धुऊन टाकू." किल्ली तेव्हा माझ्याकडे आली होती. मी खोली उघडली, ताटं पाहिली आणि वाटलं, तुमच्याच तेरवीला, तुमच्यामागे माझ्या पहिल्याच मोजणीला एक कमी भरलं तर मी काय करू? कुलूप लावलं, बसने मंगरूळपीरला गेलो आणि थर्माकोलच्या पत्रावळींचे गठ्ठे घेऊन आलो. त्या परत मोजाव्या लागत नाहीत. काकांनी गठ्ठे पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना वाटलं, मी दुःखात आहे. होतोही. पण त्या दिवशी पंगत उठल्यावर मी पत्रावळी नाल्यात लोटल्या तेव्हा मला हलकं वाटलं होतं. त्यानंतरच्या लग्नात लोकांनी भांड्यांची किल्ली मागितली नाही. दुकान कुठे आहे, ते मला विचारलं आणि मी पत्ता सांगितला.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणूनच इतकं नीट लिहिता आलं. तुम्ही काही विचारणार नाही. ज्यांच्यापाशी हे बोलायला हवं ते तीन घरं सोडून राहतात. आज पाणी सोडून येताना ते ओट्यावर बसले होते आणि मी दुसऱ्या वाटेने घरी आलो.