यमुनेने परत केलेलं फूल

एरंडोल, ११ नोव्हेंबर १९२२, संध्याकाळ

कागदाचं लाल फूल समोर दिव्यापाशी पडलंय. वरून हुकूम आला, म्हणून आज चौथीला महायुद्धात पडलेल्यांविषयी शिकवलं. विलायतेत त्यांच्या आठवणीला असं फूल छातीवर लावतात. त्यावर मीच चार ओळी रचल्या होत्या. त्या मुलांपुढे मोठ्या आवाजात म्हणून दाखवल्या. काय तो माझा रुबाब!

यमुनेचे वडील बसऱ्याच्या लढाईला गेले ते परतलेच नाहीत. म्हणून पहिलं फूल तिला दिलं. तिने ते हळूच माझ्या हातात परत ठेवलं.

"गुरजी, मन्ही मायनी बापना नावनी घागर आजून भरेल नही."

आखाजीच्या सणाला आपण गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. इतक्या आखाज्या झाल्या, त्या माउलीने भरली नाही. आणि मी फुलं वाटायला निघालो होतो?

मग मौन पाळलं. सगळ्यांच्या माना खाली. यमुना तेवढी दाराकडे बघत उभी. बाहेर ऊन, कापसाच्या गाड्यांनी उडवलेली धूळ, आणि त्या धुळीतून कुणीतरी चालत येतंय असं वाटत राहिलं. फूल माझ्या हातात तसंच.

मौन संपलं हे मुलांना सांगायचं राहूनच गेलं. मीही दाराकडेच बघत होतो.