एका मिनिटाची शांतता

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा रुसला आहे, तेव्हा तूर्त सात अंगांवर भागवून घे). तुझी पाठ कशी आहे? भावजींचा खोकला थांबला असेल, म्हणजे बोलणे सुरू झाले असेल. दोहोंत बरे काय ते तूच ठरव.

तुझा हुकूम पोचला. पोरगी शिकते आहे की गळ्यात कॅमेरा अडकवून हुंदडते आहे हे समक्ष पाहून कळव, हुंदडत असेल तर हे सत्र संपताच घरी आणून बँकेच्या परीक्षेला बसवते, असा. म्हणून शनिवारी तिच्यामागे गेलो.

तिच्या विषयाचे नाव मल्टिमीडिया पत्रकारिता. पूर्वी बातमी नुसती लिहीत. आता तीच लिहायची, दाखवायची, ऐकवायची आणि वर मोबाइलच्या पडद्यात मावेल इतकी आखूड करायची. (एका सूत्रावर तीनशे पाने लिहिणारे आमचे भाष्यकार मूर्च्छित पडले असते.) सत्राचे काम म्हणून तिने कॉलेजमागच्या गल्लीतल्या घड्याळजींवर तीन मिनिटांची फिल्म केली. चित्रे झाली, मुलाखत झाली, राहिली ती शांतता. हसू नकोस. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते म्हणे; ती मिनिटभर टिपून ठेवली की वाक्यांमधले सांधे बुजवता येतात. मुलाखतीच्या वेळी टिकटिक नको म्हणून घड्याळजींनी भिंतीवरची एकेचाळीस घड्याळे थांबवली होती, आणि नेमकी तेव्हाच ही बाई शांतता टिपायला विसरली.

"पुन्हा?" घड्याळजी म्हणाले. "मागच्या वेळची अजून वेळेवर आली नाहीत गं!"

"आजोबा, एकच मिनिट. नाहीतर सगळी फिल्म उसवलेली दिसेल."

म्हातारा पुटपुटत स्टुलावर चढला आणि एकेक लंबक बोटाने थोपवत गेला. माइकचा दांडा माझ्या हाती होता. मौनाची थोरवी सांगणारे श्लोक मला डझनभर पाठ आहेत. प्रयोगाचा प्रसंग मात्र प्रथमच आला. बावन्नाव्या सेकंदाला माझ्या तोंडून निघाले, "वा! काय शांतता आहे!"

भाचीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. (तिची ती नजर तुझ्याकडून आली आहे.) दुसऱ्या खेपेला गुडघा कडाडला. तेव्हा घड्याळजी म्हणाले, "मास्तर, तुम्ही जरा बाहेर उभे राहा. मला फक्त घड्याळंच थांबवता येतात."

तिसरी खेप माझ्यावाचून साधली. मग मात्र मी काचेतून पाहिले ते ऐक. काम झाल्यावर कॅमेरा पिशवीत टाकून तिने निघावे ना? ती स्टुलावर चढली, आणि म्हातारा सांगेल तसे एकेक घड्याळ चालू करून वेळेवर आणत बसली. दोन तास. तेव्हा तो आपणहून बोलत होता, मुलाखतीत बोलला नसेल इतके, आणि ती काहीही न टिपता नुसती ऐकत होती. (मी बाहेरच. आत बोलवायचे कुणाला सुचले नाही.) ताई, ती हुंदडत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : पुढच्या वर्षाच्या अर्जावर पालकाची सही लागते. तुझी परवानगी येईलच या भरवशावर ती मी काल करून टाकली. परवानगी लवकर धाड, म्हणजे तुझ्या भावाला लबाड म्हणता येणार नाही.

आणखी एक : पोरीला मी तुझा हुकूम वाचून दाखवला. "आईला बरं वाटत असेल तर येते मी," म्हणाली. तिची तयारी आहे. माझी नाही.