आठवड्याची पाकिटं

सूनबाई,

तुझ्या सासूला घेऊन दवाखान्यात निघालो आहे. घाबरू नकोस, ती स्वतःच्या पायांनी चालते आहे आणि मला बोलतेही आहे.

तिच्यासाठी डी जीवनसत्त्वाची आठ पाकिटं माझ्या हातात देताना तू म्हणालीस, "बाबा, ही आठवड्याची आहेत." आठवड्यातून एक, असं तुला म्हणायचं होतं. मी समजलो, आठवड्यात संपवायची. दिवस सात आणि पाकिटं आठ कशी, असं मनात आलं होतं. पण विचारलं तर हसशील, म्हणून शेवटच्या दिवशी दोन दिली.

काल जेवताना "आईला तुझंच तिखट बाधतंय" असं तुझा नवरा तुला बोलला, तेव्हा मला पाकिटांची शंका आली होती. तरी मी पुस्तकात डोकं घालून बसलो. आज पाकिटावरची अक्षरं भिंगाने वाचली आणि डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "हे अंगात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, तहान, विसरणं त्यानेच असेल. कॅल्शियमची गोळीही बंद करा. लगेच आणा, रक्त तपासू."

तिथे माझी चूक मीच सांगणार आहे. तुझी सासू म्हणते, "सुनेला एकदा विचारलं असतं तर जीभ झिजली असती का?"

ही चिठ्ठी भिडेखातर लपवू नकोस. फ्रिजच्या दारावर लाव. तो घरी आला की आधी पाणी प्यायला तिथेच जातो.

बाबा